आंबलेली टाकी : ओशट काढण्याच्या विद्रावक-टाक्यांचे क्षरण व त्याचा प्रतिबंध

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लोखंडाच्या टाक्यांविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. त्याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे. यंत्रकामगारांच्या बोलीतील पारिभाषिक शब्दांचा संग्रह करीत असता २०२२ च्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखक पुण्यालगतच्या एका लहान कारखान्यात काही दिवस जात असे. तेथे मोटारींचे सुटे भाग कापून, घासून तयार होत आणि मुलामा देण्यापूर्वी त्यांवरील तेल काढण्यासाठी एका टाकीत सोडले जात. त्या टाकीच्या भिंतीस भोके पडली होती. ती का पडली याची चौकशी करता करता टाकीशेजारी लावलेल्या मराठी सूचनाफलकाकडे लक्ष गेले. त्यावर दोन वाक्ये अशी होती की, ती भाषेच्या दृष्टीने शुद्ध असूनही अर्थाच्या दृष्टीने घातक होती. ती वाक्ये कोणती व ती घातक का, हे कळण्यास टाकीत काय घडते हे आधी समजून घेणे अवश्य आहे.

यंत्रावर धातू कापताना तेल वापरावेच लागते. परंतु तेलाचा पुसट थर जरी राहिला, तरी त्यावर रंग धरत नाही, मुलामा चढत नाही. हा थर काढण्याच्या क्रियेस संस्कृताश्रयी परिभाषेत ‘निःस्नेहीकरण’ म्हणता येईल. ‘स्नेह’ म्हणजे तेल हा अर्थ जुना व निर्दोष आहे. पण आजच्या मराठी वाचकास तो शब्द ऐकून कौटुंबिक कलहाचीच आठवण व्हावयाची. कामगार नुसते ‘ओशट काढणे’ म्हणतात, आणि या लेखात तोच शब्द वापरला आहे.

ओशट काढण्याच्या बाष्पटाकीची रचना मोठी सुटसुटीत असते. खोल चौकोनी टाकीच्या तळाशी विद्रावक भरलेला असतो व खालून वाफेच्या नळीने किंवा विजेच्या तापकाने तो उकळविला जातो. आपल्याकडे यासाठी बहुधा ट्रायक्लोरोएथिलीन वापरीत आले आहेत. कारखान्यात त्यास ‘ट्राय’ एवढेच म्हणतात. ते ८७ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे साडेचारपट जड असते. त्यामुळे झाकण नसलेल्या टाकीतही ती वर उधळून न जाता धुक्याच्या तळ्याप्रमाणे आत साचून राहते. टाकीच्या वरच्या भागात आतल्या बाजूने थंड पाण्याच्या नळ्यांचे वेटोळे बसविलेले असते. वाफ तेथवर चढली की तिचा पुन्हा द्रव होतो. तो नळ्यांखालच्या पन्हळीत गोळा होतो आणि तेथून पाणी वेगळे करण्याच्या एका लहान भांड्यातून फिरून तळच्या कुंडात परत येतो. वेटोळ्याच्या वर टाकीची भिंत आणखी काही अंतर उंच नेलेली असते. वाऱ्याच्या झुळकेने वाफ बाहेर ओढली जाऊ नये म्हणून हा मोकळा काठ ठेवतात. थंड भाग टोपलीत ठेवून वाफेत सोडला की वाफ त्यावर द्रवरूप होऊन तेल धुऊन खाली नेते. भाग वाफेइतका तापला की द्रवीभवन थांबते आणि तो स्वच्छ व कोरडा बाहेर येतो. वरची वाफ नेहमी शुद्ध असते, कारण तेल उकळून वर येत नाही. ते तळाशीच साठते. या एका गुणामुळे ही पद्धत गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून जगभर रूढ झाली.

आता या सोयीची दुसरी बाजू पाहू. ट्रायच्या प्रत्येक रेणूत क्लोरिनचे तीन अणू असतात. द्रव शुद्ध, थंड, अंधारात व कोरडा असेल तर ते स्वस्थ राहतात. टाकीत यांपैकी एकही गोष्ट टिकत नाही. उष्णता, हवेतील ऑक्सिजन आणि प्रकाश यांच्या योगाने ट्रायचे हळूहळू ऑक्सिडीभवन होते आणि डायक्लोरोअॅसिटिल क्लोराइड, हायड्रोजन क्लोराइड व अल्प प्रमाणात फॉस्जीन हे पदार्थ निर्माण होतात. पैकी पहिला पदार्थ पाण्याच्या संपर्कात आला की त्यापासून डायक्लोरोअॅसिटिक आम्ल आणि आणखी हायड्रोजन क्लोराइड तयार होते. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायू, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

हायड्रोजन क्लोराइड पूर्णपणे कोरडे असेल तर ते पोलादास सहसा फारसे खात नाही. पाण्याचा पातळ पापुद्रा मिळाला की मात्र त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते, आणि मग क्षरणास प्रारंभ होतो. सर्वसाधारण समजूत अशी की जेथे द्रव उकळतो तेथे, म्हणजे तळाशी, टाकी प्रथम खराब व्हावी. प्रत्यक्षात पहिली भोके बहुधा वर पडतात : थंड वेटोळ्यावर, त्याखालच्या पन्हळीत, पाणी वेगळे करण्याच्या भांड्यात आणि वाफेच्या वरच्या सीमारेषेजवळच्या भिंतीवर. ही सर्व पाणी साचण्याची ठिकाणे होत. तळाशी जेव्हा खड्डे पडतात, तेव्हा ते बहुधा गाळाच्या थराखाली असतात. त्या कारखान्यातील टाकीसही भोके पन्हळीच्या खालच्या कडेस पडली होती. तळ अजून शाबूत होता.

येथे आपल्या घरगुती अनुभवातील एका गोष्टीची आठवण होते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. आंबट पदार्थ धातू विरघळवितो, आणि म्हणून भांड्यास कथिलाची कल्हई करावी लागते. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकतो तेव्हा पांढरा धूर निघतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून सुटणारे हायड्रोजन क्लोराइड भांड्याच्या पृष्ठभागावरील मळ खाऊन टाकते आणि त्या स्वच्छ पितळेवर कथील पसरते. जो वायू कल्हईवाल्याच्या हाती क्षणभर उपयोगी पडतो, तोच टाकीत दिवसेंदिवस कोंडला जातो. कल्हईवाला काम संपताच भांडे पाण्यात बुडवितो. टाकीला ती सुटका नाही.

‘टाकी खराब झाली’ याला त्या कारखान्यातील जुने कामगार ‘टाकी आंबली’ असे म्हणत. शब्द गोळा करणाऱ्यास असा शब्द म्हणजे पर्वणी. ‘आम्लीभवन’ हा परिभाषेतील शब्द केवळ अवस्था सांगतो. ‘आंबणे’ या क्रियापदात काळ आहे, आपोआप घडण्याचा भाव आहे आणि वेळीच लक्ष न दिल्याचा दोषही आहे. एवढेच नव्हे, तर रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही तो नेमका आहे. दुधाच्या भांड्यात जुन्या दह्याचा अंश राहिला तर ताजे दूधही नासते. आंबलेल्या टाकीतील आम्लाचा व गाळाचा अंश न काढता नवा विद्रावक ओतला, तर तोही लवकर आंबतो, कारण जुन्या द्रवातील आम्ल नव्या द्रवाची संरक्षक शक्ती पहिल्याच दिवशी खाऊन टाकते. हे विरजण असेतो नवा पिंप ओतणे म्हणजे पैसे ओतणे होय.

या विरजणाचे सर्वांत भयंकर रूप म्हणजे अॅल्युमिनियम. धातूच्या ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर संरक्षक ऑक्साइडचा थर पुरता बसलेला नसतो. आम्ल व क्लोरिनयुक्त विद्रावक यांच्याशी त्याची क्रिया होऊन अॅल्युमिनियम क्लोराइड तयार होते. हे क्लोराइड स्वतः उत्प्रेरक आहे. ते ट्रायच्या रेणूंना एकमेकांशी जोडू लागते. त्यातून डांबरासारखा काळा पदार्थ, भरपूर हायड्रोजन क्लोराइड आणि उष्णता बाहेर पडते. त्या आम्लामुळे आणखी अॅल्युमिनियम विरघळते, त्यातून आणखी उत्प्रेरक होतो, आणि क्रिया आपलीच गती वाढवीत जाते. मोठा ठोकळा टाकीत पडला तर धोका त्यामानाने थोडा. बारीक कीस व चुरा तळाशी साचला तर अधिक, कारण पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. टाकीत पडलेला भाग संध्याकाळपर्यंत तसाच राहू देऊ नये, आणि अॅल्युमिनियमच्या भागांवरील कीस आधीच झटकून घ्यावा, या दोन साध्या नियमांचे मूळ येथे आहे. टाकीचा कोणताही अवयव अॅल्युमिनियमचा असू नये, हेही त्यातूनच ओघाने येते.

विद्रावक तयार करणारे या सर्व गोष्टी जाणून असतात, म्हणून ते त्यात अल्प प्रमाणात इतर पदार्थ मिसळतात. त्यांस स्थिरक म्हणावे. काही स्थिरक ऑक्सिडीभवन थोपवितात. काही धातूच्या पृष्ठभागाशी बांधले जाऊन त्याची उत्प्रेरक शक्ती मारतात. आणि काही, तयार झालेले आम्ल स्वतःत सामावून घेतात. या तिसऱ्या कामासाठी पूर्वी अमाइने वापरीत. पुढे ब्युटिलीन ऑक्साइडसारखे इपॉक्साइड वर्गातील पदार्थ आले. विद्रावकाच्या किमतीत त्यांचा वाटा किती हे ठाऊक नसताही एवढे खात्रीने सांगता येते की, टाकीचे आयुष्य विद्रावकावर नसून या चिमूटभर पदार्थांवर अवलंबून आहे. ते खर्च होतात, काही वाफेबरोबर उडतात, काही तळाच्या तेलात राहतात, आणि त्यांतील जे पाण्यात विरघळतात ते पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणूनच टाकीत पाणी शिरले तर नुकसान दुहेरी होते : आम्लास हवा असलेला ओलावा मिळतो, आणि आम्लाशी लढणारा रक्षक धुऊन जातो.

हा रक्षक किती शिल्लक आहे, हे मोजण्याची रीत आहे. विद्रावकाचा नमुना घेऊन त्यात मोजून आम्ल घालतात, आणि त्यातले किती आम्ल शोषले गेले हे अल्कलीच्या अनुमापनाने काढतात. येणारा आकडा म्हणजे त्या विद्रावकाची आम्ल पचविण्याची शिल्लक शक्ती होय. नव्या विद्रावकात तो सर्वांत मोठा असतो व वापराबरोबर घटत जातो. तो निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेखाली गेला की टाकी रिकामी करून धुतली पाहिजे.

आता फलकाकडे वळू. इंग्रजी पत्रकात या मापास जे नाव आहे, त्याचे शब्दशः मराठी ‘आम्लस्वीकार’ असे होते, आणि भाषांतरकाराने तसेच केले होते. फलकावरील पहिले वाक्य असे : ‘आम्लस्वीकार कमी झाल्यास टाकी साफ करावी.’ तिघा कामगारांना या वाक्याचा अर्थ विचारला. तिघांनीही सांगितले की, आम्ल कमी झाले म्हणजे टाकी चांगली आहे, मग साफ का करावयाची हे काही कळत नाही; बहुधा छापण्यात चूक झाली असावी. एकाने तर आकडा खाली आला की निश्चिंत होत असल्याचे सांगितले. ज्या क्षणी सावध व्हावयाचे, त्या क्षणी हे वाक्य माणसास निर्धास्त करीत होते! दोष त्या कामगारांचा नव्हता. ‘स्वीकार’ हा शब्द मराठीत कृतीचा वाचक आहे, सामर्थ्याचा नाही. ‘दानाचा स्वीकार कमी झाला’ म्हणजे दान कमी आले. घेणाऱ्याची कुवत कमी झाली असा अर्थ त्यातून कोणीही काढणार नाही. ‘आम्ल पचविण्याची शक्ती’ हा शब्दसमूह लांब आहे, पण त्यास खाली-वर याचा योग्य बोध आहे. पचनशक्ती मंदावली तर दुखणे येते, हे कोणास शिकवावे लागत नाही.

दुसरे वाक्य यापेक्षाही गंभीर होते : ‘टाकी आम्लयुक्त झाल्यास सोडा वापरावा.’

मराठीत ‘सोडा’ हा एक शब्द किती पदार्थांचे ओझे वाहतो ते पाहावे. भजी फुलविण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट; कपडे धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट; साबण करण्याचा कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड; आणि बाटलीतले सोडावॉटर म्हणजे कार्बन डायऑक्साइड दाबाखाली भरलेले पाणी. घरात संदर्भाने घोटाळा टळतो. कारखान्यात तो टळत नाही, कारण ओशट काढण्याच्या टाकीच्या जवळच बहुधा उष्ण अल्कलीचीही टाकी असते आणि तिच्यासाठी आणलेल्या कॉस्टिकच्या पापुद्र्यांचे पोते हाताशी असते. मूळ पत्रकात धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा उल्लेख होता. भाषांतरात विशेषण गळाले.

कॉस्टिक सोडा आणि ट्राय यांची गाठ पडली तर काय होते? तीव्र अल्कलीने ट्रायच्या रेणूतून हायड्रोजन क्लोराइड काढून घेतले जाते आणि डायक्लोरोअॅसिटिलीन हा वायू निर्माण होतो. तो अत्यंत विषारी आहे, आणि हवेत आपोआप पेट घेऊ शकतो, स्फोटही होऊ शकतो. वैद्यकाच्या इतिहासात याचा एक दाखला आहे. ट्राय हे एके काळी भूल देण्यासाठी वापरीत. भूल देण्याच्या बंदिस्त यंत्रात रोग्याच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी चुना व कॉस्टिक यांचे मिश्रण ठेवलेले असे. १९४० च्या दशकात असे दिसून आले की, अशा यंत्रातून ट्राय दिलेल्या काही रोग्यांच्या चेहऱ्यातील संवेदना नाहीशी झाली. त्या मिश्रणावरून जाताना ट्रायपासून झालेल्या डायक्लोरोअॅसिटिलीनने चेहऱ्याच्या मज्जातंतूंस इजा केली होती. त्या मिश्रणाच्या इंग्रजी नावातही ‘सोडा’ हाच शब्द आहे, हा योगायोग चमत्कारिक खरा.

या घोटाळ्यात आणखी एक भर पडते. आम्ल पचविण्याच्या शक्तीचा आकडा रसायनशाळेच्या अहवालात ‘सोडियम हायड्रॉक्साइड, टक्के’ या रूपात लिहिण्याची रूढी आहे. हे केवळ मोजण्याचे एकक आहे. विद्रावकात सोडियम हायड्रॉक्साइड मुळीच नसते. परंतु अहवाल वाचणाऱ्या पर्यवेक्षकास ‘हायड्रॉक्साइड कमी पडले आहे’ असे वाटले, आणि शेजारीच त्याचे पोते असले, तर पुढचे पाऊल कोणते पडेल हे सांगावयास नको. त्या कारखान्यात ते एकदा पडता पडता राहिले होते. बादलीत द्रावण कालविले गेले होते. पूर्वी दुसरीकडे काम केलेल्या एका वयस्क फिटरने ते हातातून काढून घेतले. ‘हा खायचा की धुवायचा, एवढं तरी विचार,’ असे तो म्हणाल्याचे तेथे अजून सांगतात.

टाकी खरोखर आंबली तर करावयाचे ते असे. तिखट, नाकात झोंबणारा वास, डोळ्यांस पाणी, द्रवाचा काळपट तपकिरी रंग, काठावर पांढरा धूर आणि टाकीतून काढलेल्या भागांवर काही तासांतच चढणारा गंज ही तिची लक्षणे. प्रथम उष्णता बंद करावी. वेटोळ्यातील थंड पाणी मात्र चालू ठेवावे, म्हणजे वाफ काठाबाहेर येणार नाही. माणसे दूर न्यावीत. आत डोकावून कोणी पाहू नये. द्रव पूर्ण थंड झाल्यावर, योग्य मुखवटे व हातमोजे घातलेल्या जाणत्या माणसांनीच धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने आम्ल मारावे आणि द्रव काढून अधिकृत विल्हेवाटीस द्यावा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही जड वाफ तळाशी दडून असते. ती हुंगता हुंगता माणूस बेशुद्ध होतो, आणि त्यास काढण्यास उतरलेला दुसराही तसाच पडतो. अशा टाक्यांत माणसे दगावण्याचे कारण बहुतेक वेळा क्षरण नसून हे आत उतरणे असते.

पण तेथवर वेळ येऊ न देणे, हाच प्रतिबंधाचा खरा अर्थ. त्यात पाण्याचा बंदोबस्त प्रथम येतो. पाणी टाकीत तीन वाटांनी येते : ओल्या भागांबरोबर, फुटक्या नळीतून आणि हवेतून. पहिल्या दोन वाटा सहज दिसतात. तिसरी दिसत नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कोकणपट्टीतील हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. वेटोळ्यातील पाणी त्याहून पुष्कळ थंड असले, तर ट्रायच्या वाफेबरोबर हवेतील ओलावाही नळ्यांवर दवासारखा जमतो आणि पन्हळीत उतरतो. युरोपातील कोरड्या हिवाळ्यात जे थंड पाणी निर्धोक, ते पनवेल-ठाण्याच्या पावसाळ्यात टाकीचा नाश करते. वेटोळ्यातून बाहेर पडणारे पाणी हाताला कोमट लागेल इतकाच प्रवाह ठेवावा. पाणी ट्रायपेक्षा हलके असल्याने वेगळे करण्याच्या भांड्यात ते वर तरंगते व विद्रावक खालून निघून जातो. हे वरचे पाणी रोज, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, काढून टाकावे. त्याच पाण्याचा सामू कागदी पट्टीने पाहिला तर टाकीच्या प्रकृतीची नाडी फुकट हाती लागते. सामू नेहमीच्या पातळीवरून आम्लतेकडे सरकू लागला की अहवालाची वाट पाहू नये.

उष्णतेचा बंदोबस्त याच्या खालोखाल. तळच्या कुंडात तेल साचत गेले की मिश्रणाचा उत्कलनबिंदू चढतो. तेलाचे प्रमाण चतुर्थांशाच्या आसपास गेले, म्हणजे टाकी साफ करण्याची वेळ झाली असे सामान्यतः धरतात. कुंडाचे तापमान ८७ वरून चार-पाच अंशांनी वर गेलेले दिसले तरी तीच खूण समजावी. तापकावर गाळाचा थर बसला तर त्याखाली उष्णता कोंडते आणि विद्रावक तेथे जळतो. म्हणून वाफेचा दाब कमी ठेवतात, तापक नेहमी द्रवात बुडालेला राहील अशी पातळी राखतात आणि ती खाली गेल्यास आपोआप बंद करणारी कळ बसवितात. ही कळ ‘सारखी पडते’ म्हणून तारेने बांधून ठेवलेली एका ठिकाणी पाहिली. त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे. काही कापण्याच्या तेलांत गंधक व क्लोरिनची संयुगे असतात. अशी तेले तापून स्वतःच आम्ल देतात, तेव्हा ती वापरणाऱ्यांनी टाकी अधिक वेळा धुवावी.

टाकीच्या धातूविषयी थोडक्यात. साधे पोलाद जस्ताचा मुलामा देऊन वापरण्याची रीत जुनी आहे. जस्त कल्हईसारखे नुसते आड येत नाही, तर ओरखडा पडला तरी लोखंडाऐवजी स्वतः झिजते. मात्र आम्लापुढे ते लवकर संपते, आणि ते संपले की नाही हे वरून कळत नाही. निकेल-क्रोमियमयुक्त गंजरोधी पोलाद अधिक टिकाऊ. तथापि ‘गंजरोधी’ या विशेषणावर विसंबून राहू नये. उष्ण, आम्लयुक्त क्लोराइडपुढे त्यातही सुईच्या टोकाएवढी खोल छिद्रे पडतात आणि ताणाखालील सांध्यांना भेगा जातात. साधा रंग तर निरुपयोगीच, कारण जो द्रव रंगाखालचे तेल काढतो तो रंगही काढतो. टाकीजवळ जोडकाम करू नये. विजेच्या ठिणगीच्या प्रखर प्रकाशाने व उष्णतेने ट्रायच्या वाफेचे विघटन होऊन फॉस्जीन तयार होते. विडी ओढणाऱ्यासही हाच धोका असतो.

मुळात ट्रायच वापरावे की नाही, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याची गणना मानवात कर्करोग निश्चितपणे करणाऱ्या पदार्थांत केली. युरोपीय संघात एप्रिल २०१६ नंतर विशेष परवान्यावाचून त्याचा वापर बंद झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये बंदीचा नियम प्रसिद्ध केला. त्याच्या जागी एके काळी आलेले १,१,१-ट्रायक्लोरोएथेन ओझोनचा थर विरळ करते, म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारान्वये ते हटविण्यात आले. फॅरडेने १८२१ मध्ये प्रथम तयार केलेले टेट्राक्लोरोएथिलीन १२१ अंशांस उकळते आणि अधिक स्थिर आहे, पण विषारीपणातून तेही मुक्त नाही. अल्कलीयुक्त पाण्याने धुण्याची पद्धत अनेक कामांस पुरी पडते. तिचा त्रास असा की भाग वाळवावे लागतात आणि सांडपाणी उरते. मोठे कारखाने तिकडे वळले आहेत. लहान कारखान्यांतून ट्रायच्या टाक्या अजून चालू आहेत, आणि जोवर त्या चालू आहेत तोवर त्यांच्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसास फलकावरील वाक्य बरोबर कळले पाहिजे.

त्या कारखान्याच्या चालकांनी फलक बदलण्याचे मान्य केले. रसायनशास्त्राच्या एका अध्यापक मित्राने मजकूर तपासला. नव्या फलकावर ‘आम्ल पचविण्याची शक्ती ठरलेल्या आकड्याखाली उतरली तर टाकी आंबणार आहे; काम थांबवा’ असे वाक्य आले. सोड्याविषयीचे वाक्य कामगारांसाठी ठेवलेच नाही. त्याऐवजी ‘टाकीत काहीही टाकू नका, उष्णता बंद करा, पाणी चालू ठेवा, साहेबांना कळवा’ एवढेच लिहिले. पर्यवेक्षकाच्या वहीत मात्र ‘धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, कॉस्टिक कदापि नाही’ हे लाल शाईने लिहिले आहे, आणि कॉस्टिकचे पोते इमारतीच्या दुसऱ्या टोकास हलविले आहे. मसुद्यात प्रस्तुत लेखकाने ‘जलविभाजकातील पाणी प्रत्यही निष्कासित करावे’ असे लिहिले होते. ते वाचून बादली काढून घेणारा तोच फिटर काही क्षण थांबला, आणि म्हणाला, ‘सर, वरचं पाणी रोज काढा, असं लिहा.’ तसे लिहिले आहे.